कोकण: सोलापूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात भूगोल शिकवताना आणि सुट्टीत कोकणच्या सहली जुळवून देताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही विद्यार्थ्यांचे, काही पालकांचे, बरेचसे शेतकऱ्यांचे. शेतकऱ्यांचे प्रश्न सगळ्यांत चांगले असतात, कारण ते माती आणि पाण्यापासून सुरू होतात, आणि कोकण समजून घ्यायची वाटही तिथूनच जाते. घाई असेल त्यांनी निदान प्रश्न ४ वाचावा.

१. कोकण म्हणजे नेमकं कुठून कुठपर्यंत? मुंबई त्यात येते का? आणि गोवा?

सह्याद्रीचा कडा आणि अरबी समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी म्हणजे कोकण. उत्तरेला डहाणू-तलासरी, दक्षिणेला तेरेखोलची खाडी. किनाऱ्याची लांबी शाळेच्या पुस्तकात ७२० किलोमीटर दिलेली असते. रुंदी मात्र बहुतेक ठिकाणी ३० ते ६० किलोमीटर. सोलापूरहून मोहोळ गाठून थोडं पुढं गेलं की जेवढं अंतर होतं, तेवढ्यात आख्खं कोकण आडवं ओलांडून होतं. ही अरुंदी लक्षात ठेवा, पुढच्या अर्ध्या उत्तरांचं मूळ तिच्यात आहे.

मुंबई कोकणातच येते. सरकारी कोकण विभागात सात जिल्हे आहेत: मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला, पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून. जुनी माणसं ‘कुलाबा जिल्हा’ म्हणतात तो आजचा रायगड. गोवा वेगळं राज्य आहे, पण माती, भात, मासे, देवळं आणि बोली पाहिल्या तर तो याच पट्टीचा पुढचा भाग. तेरेखोलच्या खाडीने सरकार बदलतं, निसर्ग तोच राहतो.

स्थानिक लोक आडवी विभागणीही करतात. समुद्राकडची सखल ती खलाटी, डोंगराकडची चढाची ती वलाटी. सहलीवाले खलाटी पाहून परततात. वलाटीतली गावं पाहिल्याशिवाय कोकण पाहिलं असं मी म्हणणार नाही.

२. सोलापूरहून जायचं कसं? थेट रेल्वे आहे का?

रस्ता सरळ आहे. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि मग आंबा घाट उतरून साखरप्यावरून रत्नागिरी. आपल्याकडे याला रत्नागिरी-नागपूर महामार्ग म्हणतात. अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. मालवण-कणकवलीकडे जायचं तर कोल्हापूरहून गगनबावडा किंवा फोंडा घाट, सावंतवाडीला आंबोली घाट. चिपळूण-गुहागरकडे जायचं असेल तर कराडवरून कुंभार्ली घाट उतरा.

रेल्वेचं थोडं अवघड आहे. कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत डोंगर आणि समुद्र यांच्यामधून जाते. २६ जानेवारी १९९८ ला ती पूर्ण मार्गावर सुरू झाली. पण महाराष्ट्रात देशावरून दक्षिण कोकणात उतरणारा लोहमार्ग नाही. त्यामुळे आपल्याला ठाणे किंवा पनवेलला गाडी बदलावी लागते. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर मी रस्त्यानेच जायला सांगतो, मात्र घाट दिवसाउजेडी उतरा. जुलै-ऑगस्टमध्ये दरड कोसळून घाट बंद होतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा.

३. तिकडे तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि आपल्याकडे साडेपाचशे. असं का?

कारण मधे सह्याद्री उभा आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग कड्याला धडकून वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिकामे होतात. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कडा ओलांडून वारा पूर्वेला उतरला की तो गरम आणि कोरडा होत जातो. सोलापूर त्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात आहे. आपला भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा, परतीचा. म्हणून आपली मुख्य शेती रब्बीची.

तरी सह्याद्रीने आपल्याला कोरडं ठेवलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. भीमा भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावते. त्याच डोंगराच्या पूर्वेला पडलेला थेंब उजनी, पंढरपूर करत कृष्णेला मिळतो आणि बंगालच्या उपसागरात जातो. पश्चिमेला पडलेला थेंब उल्हास नदीतून अरबी समुद्रात. एकाच माथ्यावरचा पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो.

४. इतका पाऊस पडूनही एप्रिलमध्ये कोकणातल्या वाड्यांना टँकर कसे लागतात?

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे ऐकून खरं वाटत नाही. पण दरवर्षी वलाटीतल्या आणि सड्यावरच्या (सडा म्हणजे उघड्या कातळाचं सपाट पठार) वाड्यांना टँकर लागतात, आणि त्यामागची कारणं स्पष्ट आहेत.

पहिलं कारण उतार. भीमेला समुद्रापर्यंत पोचायला सगळं दख्खन पार करावं लागतं, तिची एकटीचीच लांबी साडेआठशे किलोमीटरवर. कोकणातल्या बहुतेक नद्या दीडशे किलोमीटरच्या आत संपतात, काही तर पन्नासच्याही आत. आज कड्यावर पडलेलं पाणी बघता बघता खाडीत मिळतं. शिवाय भरतीचं खारं पाणी खाडीतून आत चढतं, त्यामुळे नदीच्या शेवटच्या टप्प्याचा पिण्याला उपयोग नाही.

दुसरं कारण जांभा. दक्षिण कोकणात मोठ्या भागावर या तांबड्या खडकाचा थर आहे. उष्ण हवा आणि प्रचंड पाऊस यांनी मूळच्या काळ्या खडकातली सिलिका आणि चुना लाखो वर्षं धुऊन नेला, मागे लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं उरली. ती उन्हाने टणक झाली, पण आतून सच्छिद्र राहिली. जांभ्याच्या घडवलेल्या चिऱ्यावर (ठोकळ्यावर) तांब्याभर पाणी ओतून पाहा. बाजूने ओघळ येईपर्यंत अर्धं पाणी दगडाने पिऊन टाकलेलं असतं. त्याच्या भोकांतून बोटाचं टोक आत जातं. सड्यावरचा पाऊस असाच खाली उतरतो, खालच्या चिकणमातीच्या थरावरून सरकतो आणि सड्याच्या कडेला झरा होऊन बाहेर पडतो. त्यामुळे सड्याखालच्या वाडीत झऱ्याचं पाणी पाटाने खेळवून नारळी-पोफळी उभ्या असतात, आणि त्याच गावच्या सड्यावरच्या वाडीत विहीर मार्चमध्ये तळ दाखवते.

तिसरं कारण म्हणजे पाऊस जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने आभाळ कोरडं.

आता आपली काळी जमीन पाहा. मंगळवेढ्याच्या शिवारात सप्टेंबर-ऑक्टोबरची ओल धरून ठेवणारी माती आहे. त्या ओलीवर पेरलेली ज्वारी एकही पाणी न देता पोसते. मोहोळच्या संशोधन केंद्रातून पुढे आलेली मालदांडी ३५-१ ही जात याच जमिनीसाठी निवडलेली. साडेपाचशे मिलिमीटरवर आपण रब्बीचं पीक काढतो आणि तीन हजार मिलिमीटरवर सड्यावर उन्हाळ्यात गवताची काडी हिरवी राहत नाही. पाऊस किती पडला याइतकंच जमिनीने तो किती दिवस धरला याला मोल आहे. कोकणाकडे पाहताना मला सगळ्यांत जास्त हेच शिकायला मिळालं. म्हणून तिथे डिसेंबरमध्ये ओढ्यांवर वनराई बंधारे घालतात, आणि ज्या गावांनी झऱ्यांच्या वरचं जंगल राखलं तिथे पाणी जास्त टिकतं. देवराया राखण्यामागे श्रद्धा होतीच, पण ती राखणाऱ्यांना पाण्याचीही जाण होती.

५. मग समुद्रात वाया जाणारं ते पाणी आपल्याकडे का वळवत नाहीत?

उन्हाळ्यात हा प्रश्न हमखास येतो. कोकणातलं पाणी वर आणायचं तर सह्याद्रीची उंची चढवावी लागेल आणि पंपांना अफाट वीज लागेल. उलट आज प्रवाह दुसऱ्या दिशेने चालू आहे. कोयना ही कृष्णेची उपनदी, पूर्वेला वाहणारी. तिचं सुमारे ६७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दरवर्षी बोगद्यांतून कड्याच्या पश्चिमेला सोडून वीज तयार होते. कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट. वीज झाल्यावर ते पाणी पोफळी-कोळकेवाडीवरून वाशिष्ठी नदीत जातं आणि दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळतं.

आकडा समजायला उजनी धरा. उजनीचा उपयुक्त साठा साडेत्रेपन्न टीएमसी, मृतसाठ्यासह एकूण ११७. म्हणजे उजनीच्या उपयुक्त साठ्यापेक्षा जास्त पाणी दरवर्षी घाटाखाली उतरतं. त्या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने उभे राहिले, हेही विसरता येत नाही. माझं मत असं, की वर आणण्याची स्वप्नं रंगवण्याआधी हे खाली गेलेलं अवजल चिपळूण-गुहागरच्या तहानलेल्या वाड्यांना तरी पुरतं मिळावं.

६. तिकडची घरं लाल दगडाची का असतात?

तो जांभाच (प्रश्न ४). खाणीत असताना तो इतका मऊ असतो की तासून, कापून चौकोनी ठोकळे काढता येतात, त्यांना चिरे म्हणतात. हवा लागली की ते कडक होतात. आपल्याकडे बांधकामाचा दगड काळा, बेसाल्टचा. तो फोडायला घाम निघतो.

याच सड्यांवर कोकणाचा सर्वांत जुना ठेवा आहे: कातळशिल्पं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात उघड्या जांभ्यावर माणसं, मासे, हत्ती, वाघ आणि अर्थ न लागलेल्या चौकटी खोदलेल्या आहेत. उक्षी, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी ही काही ठिकाणं. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती इतका मोठा आहे की जमिनीवर उभं राहून तो एका नजरेत येत नाही, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरले आहेत. २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. जाल तर चपला काढून कडेने फिरा, रेषांवर पाय देऊ नका.

७. कोकणावर राज्य कोणाचं होतं? आपल्या सोलापूरशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो बंदरांमधून आहे. सोपारा, कल्याण, चौल ही बंदरं दोन हजार वर्षांपूर्वी चालू होती. सोपाऱ्याला अशोकाच्या लेखाचे तुकडे सापडले आहेत. घाटमाथ्यावरचा माल नाणेघाटासारख्या वाटांनी खाली उतरायचा. पुढे शिलाहारांनी उत्तर आणि दक्षिण कोकणात राज्य केलं.

बहमनी आणि नंतर आदिलशाहीच्या काळात दाभोळ हे दख्खनचं मोठं दार होतं. अरबस्तानातून घोडे याच किनाऱ्याला उतरत आणि घाट चढून वर येत. सोलापूरचा भुईकोट तेव्हा निजामशाही आणि आदिलशाही यांच्यात हिसकाहिसकीत होता. त्या लढायांतले कितीतरी घोडे समुद्रावरून आलेले असणार. किल्ल्याच्या बुरुजावर उभं राहिलं की मला हेच आठवतं.

पोर्तुगीजांनी १५३४ मध्ये वसई घेतली. चिमाजी आप्पांनी ती १७३९ मध्ये सोडवली. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेऊन कोकणात पाय रोवला, आरमार उभं केलं, १६६४ मध्ये मालवणसमोर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली आणि १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला. जंजिऱ्याचा सिद्दी मात्र शेवटपर्यंत हाती लागला नाही. ते संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झालं.

कान्होजी आंग्र्यांनी इंग्रज, पोर्तुगीज आणि डच या तिघांनाही या किनाऱ्यावर जेरीस आणलं. १७२९ मध्ये ते गेले. पुढे १७५६ मध्ये पेशव्यांनी कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध इंग्रजांची मदत घेतली आणि विजयदुर्गात मराठ्यांचं आरमार जळालं. मराठ्यांच्या इतिहासातली ही मला सर्वांत महाग पडलेली चूक वाटते. त्यानंतर समुद्रावर इंग्रजांना अडवणारं आपलं असं कोणी उरलं नाही.

अलीकडचं विचाराल तर १९२७ चा महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह कोकणातलाच, टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, आणि ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा रत्नागिरीतच नजरकैदेत १९१६ मध्ये वारला. त्याचा राजवाडा आजही पाहता येतो.

८. किल्ले पाहायचे तर कोणते, आणि कधी?

एकच पाहायचा तर रायगड, पाण्यातला एक हवा तर सिंधुदुर्ग. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले, त्यात कोकणातले खांदेरी, रायगड, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. पावसाळ्यात जलदुर्गांच्या होड्या बंद असतात, ऑक्टोबरनंतर जा. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, पण परतायची वेळ प्रश्न १५ वाचून ठरवा.

९. मार्केटमध्ये ‘देवगड हापूस’ म्हणून मिळतो तो खरा असतो का?

काही खरा असतो, काही कर्नाटकातला. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानुसार रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या फळालाच ‘हापूस’ नावाने विकता येतं.

ओळखायला नाक सर्वांत खात्रीचं. खरा हापूस पिकला की देठापाशी वास येतो आणि बंद खोलीतही दरवळतो. साल पातळ, जास्त पिकली की सुरकुतते. आतला गर केशरी. कर्नाटकी फळाची साल जाड आणि वास कमी. सगळी पेटी एकसारखी पिवळीधमक आणि वास नाही, तर घेऊ नका. हंगाम मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत. स्वस्तात हवा तर मेमध्ये घ्या. सुरुवातीच्या पेट्या हौसेच्या किमतीच्या असतात.

१०. माझ्या रानात हापूसची कलमं लावली तर येतील का?

झाड येईल, तो आंबा येणार नाही. हापूसला पाण्याचा निचरा करणारी जांभ्याची जमीन आणि समुद्राची दमट हवा मानवते. आपल्याकडे काळ्या जमिनीत मुळाशी पाणी साचतं, उन्हाळ्याची झळ फळाला सोसत नाही, शिवाय हापूस वर्षाआड धरतो. आपल्या भागाला केशर चांगला. मुरमाड जमीन आणि ठिबक असेल तर तो भरवशाने येतो.

उलटा प्रश्न कोकणातले लोक मला विचारतात: डाळिंब तिकडे का होत नाही? दमट हवेत त्यावर तेलकट डाग आणि कूज येते. कोरडी हवा हीच सोलापूरच्या डाळिंबाची ताकद. भौगोलिक मानांकन आपल्या डाळिंबाला आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीलाही आहे. तिकडे ते वेंगुर्ल्याच्या काजूला, रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमाला, अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला आणि डहाणू-घोलवडच्या चिकूला आहे. एका जमिनीचं नाव दुसरीला लावून चालत नाही.

११. समुद्र आहे, आंबा आहे, तरी कोकणातला माणूस मुंबईला का जातो?

जमीन थोडी आणि तीही वाटलेली. एकरभर भातखाचर, सड्यावर नाचणी-वरी, चार महिन्यांचं काम. त्यात भर खोतीची. खोत सरकारचा सारा गोळा करायचा आणि कुळाकडून पिकाचा मोठा वाटा घ्यायचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक मांडलं. खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये. तोवर तरुण मुलं बोटीने मुंबईच्या गिरण्यांत पोचली होती आणि गावाकडची चूल मनीऑर्डरवर पेटत होती.

हे आपल्याला परकं नाही. सोलापुरातही १८७७ पासून गिरणी होती. भोंग्यावर शहर उठायचं. फरक इतका, की आपल्या गिरण्यांकडे तेलंगणातून आणि आसपासच्या खेड्यांतून माणसं आली, तर कोकणातून माणसं निघून गेली. १९८२ च्या मुंबईतल्या संपानंतर कोकणातली हजारो घरं एकदम कमाईला मुकली. त्यांचं दुःख सोलापूरच्या गिरणी कामगाराला समजावून सांगावं लागत नाही.

१९९० नंतर रोजगार हमीतून फळबागा लावायला अनुदान मिळालं, तेव्हा पडीक सड्यांवर आंबा-काजू उभा राहिला. कोकण रेल्वे आली. पर्यटन वाढलं. तरी वलाटीतल्या कित्येक घरांना आजही कुलूप असतं, ते गणपतीत आणि शिमग्यात उघडतं.

१२. मोठे प्रकल्प आले की तिथले लोक विरोध का करतात? रोजगार नको का?

हवा आहे. पण दाभोळचा वीजप्रकल्प १९९९ मध्ये सुरू होऊन २००१ मध्ये बंद पडलेला त्यांनी पाहिला आहे. नंतर तो नव्या कंपनीकडून चालू झाला, तरी मधल्या काळात जमीन गेली ती गेलीच. आंबा आणि मासळी दोन्ही हवा-पाण्याला फार नाजूक. नाणारच्या रिफायनरीची अधिसूचना विरोधामुळे २०१९ मध्ये रद्द झाली. माझ्या मते दोन्ही बाजूंना मुद्दे आहेत, पण ज्याची गुजराण खाडीवर आहे त्याच्या भीतीला अडाणीपणा म्हणणं चूक आहे.

१३. आम्ही शाकाहारी आहोत. तिकडे खायचं काय?

बरंच काही. घावणे, आंबोळ्या, कुळथाची पिठी, ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी, अळूचं फतफतं, उकडीचे मोदक, सांदणं, सोलकढी. देवळांच्या गावात, म्हणजे गणपतीपुळे, गुहागर, आंजर्ले, दिवेआगर इथे घरगुती शाकाहारी खानावळी सहज मिळतात. अडचण होते ती भाकरीची. तिथे तांदळाची भाकरी असते, मऊ आणि पांढरी. कडक भाकरी आणि शेंगा चटणी बरोबर ठेवा. ज्यांच्याकडे उतराल त्यांनाही द्या, त्यांना फार आवडते.

मासे खाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारीची बंदी असते, कारण हा माशांच्या प्रजननाचा काळ. त्या दिवसांत ताजं पापलेट-सुरमई मिळायची अपेक्षा धरू नका. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून कोळी पुन्हा हंगाम धरतात.

१४. कोकणातले सण पाहायचे तर कधी जावं? आणि पंढरपुरात कोकणातले वारकरी माघीला जास्त का दिसतात?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो पंढरपूरच्या एका दुकानदाराने विचारला होता आणि त्याचं निरीक्षण अचूक होतं. आषाढीच्या सुमाराला कोकणात भाताची लावणी असते. राब भाजून (रोपवाटिकेच्या जागेवर पालापाचोळा जाळून), तरवा, म्हणजे भाताची रोपं, वाढवून ठेवलेला असतो, पाऊस लागला की घरातली सगळी माणसं चिखलात. त्या आठ-पंधरा दिवसांत लावणी चुकली की वर्ष गेलं. कार्तिकीला कापणी आटपत येते, माघात हात मोकळे होतात. म्हणून कोकणातले वारकरी कार्तिकीला आणि विशेषतः माघीला येतात.

सणांमध्ये गणपती आणि शिमगा हे दोन मोठे. गणपतीत मुंबईकर चाकरमानी गावी येतात, गाड्यांची तिकिटं महिनोन् महिने आधी संपतात, राहायला जागा मिळत नाही. पाहुणा म्हणून कोणी बोलावलं असेल तरच जा. शिमग्याला जाणं सोपं. ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघून घरोघर येते, माणसं ती खांद्यावर नाचवतात. आपल्याकडे गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, नंदीध्वज पेलणाऱ्यांचा जो जीव त्यात असतो, तोच तिथे पालखीत. लोककला पाहायच्या तर रत्नागिरीकडे नमन-खेळे आणि जाखडी, सिंधुदुर्गात कार्तिकानंतरच्या जत्रांमध्ये दशावतार. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. कलाकार कथा ठरवतात आणि रात्रभर उत्स्फूर्त बोलतात. बोली मालवणी असली तरी दहा मिनिटांत कान सरावतो.

मार्च-एप्रिलमध्ये जाणार असाल तर मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना पाहता येतात. गावकऱ्यांनीच ती घरटी राखली आहेत. नान्नजचा माळढोक दिसेनासा होताना पाहिलेल्या आपल्यासारख्यांनी हे आवर्जून पाहावं.

१५. समुद्रात पोहायला हरकत नाही ना? आम्ही भीमेत पोहायला शिकलोय.

नदीत पोहता येणं आणि समुद्रात सुरक्षित असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. नदी एकाच दिशेने ओढते. समुद्रात ओहोटीचं पाणी पायाखालची वाळू घेऊन आत ओढतं. गणपतीपुळ्याचा किनारा चार पावलांत खोल होतो. तिथे देशावरचे, पोहता येणारे तरुणही बुडाले आहेत. गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नका, ओहोटी लागल्यावर बाहेर या, स्थानिकाने ‘नको’ म्हटलं तर वाद घालू नका.

भरतीची वेळ काढायची एक जुनी रीत आहे, ती पंचांग असलेल्या प्रत्येक घराला जमेल. तिथीच्या अंकाला तीनने गुणून चारने भागा. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा: सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, पाणी नेहमीपेक्षा वर चढतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे सौम्य. जागेनुसार थोडा फरक पडतो, तेव्हा जलदुर्गात चालत जाण्याआधी तिथल्या माणसाला विचारूनच निघा.

१६. कोकणात जमीन घ्यावी म्हणतो. सोलापूरच्या सातबाऱ्यावर घेता येते का?

येते. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असणं लागतं आणि ते राज्यात कुठेही चालतं. तुमचा सातबारा किंवा शेतकरी असल्याचा दाखला पुरतो. अडचणी पुढे आहेत आणि त्या देशावरच्या माणसाला माहीत नसतात.

एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं असतात, निम्मी मुंबईत, काही वारलेली, वारस नोंदी न झालेल्या. एकट्याने विकलेला हिस्सा नेमका कोणता तुकडा, हे मोजणी आणि वाटप झाल्याशिवाय सांगता येत नाही. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीवर हस्तांतराच्या अटींचा शेरा असतो. काही सातबाऱ्यांवर ‘खाजगी वने’ असा शेरा असतो, तिथे १९७५ च्या कायद्यामुळे जमीन वनखात्याची ठरू शकते. आंबोली, गेळे, चौकुळ या गावांत कबुलायतदार गावकर पद्धतीच्या, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक, जमिनींचा जुना गुंता आहे. आणि समुद्र-खाडीलगत सीआरझेडचे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे, निर्बंध आहेत. भरतीरेषेपासून किती अंतरावर काय बांधता येईल हे त्या जागेच्या नकाशावर ठरतं, दलालाच्या तोंडी आश्वासनावर नाही.

एक गोष्ट जमिनीइतकीच पाहा: पाणी. जागा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात बघायला जा. ऑगस्टमध्ये सगळा सडा हिरवा असतो आणि प्रत्येक ओढा वाहतो. एप्रिलमध्ये शेजारच्या विहिरीत दोर किती खाली जातो ते बघा, वाडीत टँकर येतो का ते विचारा, आणि मगच विसार द्या.